रिमॅप नंतर, आधी टर्बोची तब्येत
मित्र म्हणे डिझेल टर्बो गाडीला रिमॅप मार (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढव), म्हटलं आधी आहे ती ताकद तरी मिळू दे, कन्नड घाटात चढाला गाडी शिट्टी मारायची आणि पिकअप गायब. जळगावच्या मेकॅनिक भाऊंनी इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी गार करतो तो) होजपाइप काढला तर क्लॅम्पखाली बारीक चीर, भोवती तेलकट काळी धूळ, म्हणजे बूस्ट, ती दाबलेली हवा, तिथूनच लीक. होज आणि क्लॅम्प नवीन टाकले, इंटरकूलरच्या जाळीत कापसाचे तंतू अडकलेले ते आतल्या बाजूने हवा मारून काढले (४५ डिग्रीच्या उन्हात असा बुजलेला इंटरकूलर काय गार करणार!), कूलंट बदललं. ऑइल मात्र मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, टर्बोचं बेअरिंग त्याच्यावरच फिरतं ना, तिथे कंजुषी कशाला. घाट चढून थांबलो की तापलेला टर्बो गार व्हायला इंजिन मिनिटभर आयडलिंगला (उभ्या गाडीत नुसतं चालू) ठेवतो, मग बंद. आता पिकअप मस्त. रिमॅपचं बघू, आधी क्लच चेक करायचाय, वाढीव ताकद पेलेल का ते.