पेरणीच्या तीन आठवडे आधी

हरितगृहात बियांचे ट्रे लावण्याआधी उंदरांचा बंदोबस्त करायचा, त्या तयारीच्या यादीतली पहिली वस्तू म्हणजे पेन्सिल. साधी, लिहायची. हरितगृहाभोवती बाहेरून उकिडवं बसत एक फेरी मारायची आणि जमिनीलगत जिथे फट दिसेल तिथे ती घालून बघायची. पेन्सिल आत गेली, तर उंदीरही जाणार असं धरून चाला. पेन्सिलीची जाडी साधारण 7 मिलिमीटर असते आणि लहान उंदराला तेवढी फट पुरते. डोकं घुसलं की बाकीचं अंग तो चपटं करून ओढून घेतो. दाराखाली, पाण्याची नळी आत येते त्या भोकापाशी, पंख्याच्या चौकटीच्या कोपऱ्यात आणि पायाशी प्लॅस्टिकचा कागद सैल झालाय तिथे हमखास काहीतरी सापडतं. सोबत खडू ठेवा. खुणा केल्या नाहीत, तर फेरी संपेपर्यंत निम्म्या जागा विसरायला होतात.

हे सगळं पेरणीच्या तीन आठवडे आधी का? उंदराच्या मादीचा गर्भकाळ 19 ते 21 दिवसांचा असतो आणि एका वेळेला पाच-सहा पिल्लं सहज होतात. आज रिकाम्या पिशव्यांच्या ढिगात एखादी गाभण मादी बसलेली असेल, तर तुम्ही ट्रे भराल तोवर तिचं घरटंही भरलेलं असेल. ट्रे मांडून झाल्यावर सापळे शोधत फिरणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

फटी बुजवताना फोम वापरू नका, निदान नुसता फोम तरी नको. उंदीर तो एका रात्रीत कुरतडतो. भोकात आधी न गंजणाऱ्या पोलादाची तारेची घासणी दाबून भरायची आणि वरून सिमेंट किंवा सीलंट लावायचं. साधी घासणी ओलाव्याने गंजून भुगा होते, आणि हरितगृहात ओलावा कायमचाच. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका. पायाशी तारेची जाळी लावणार असाल तर तिचे चौकोन 6 मिलिमीटरचेच हवेत. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी इथे कामाची नाही, तिच्यातून उंदीर आरामात ये-जा करतो. जाळी 30 सेंटिमीटर खोल पुरून खालची कड बाहेरच्या बाजूला वळवली, की खणत येणारा तिथेच अडतो.

मग आवराआवर. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो: एकात एक घातलेल्या कुंड्या, गवताचे भारे, जुनी पोती यातलं काहीही आत नको. बाहेर भिंतीलगत अर्धा मीटर पट्टा तण काढून मोकळा ठेवा, कारण उघड्यावरून धावायला उंदीर बिचकतो. बियाणं, पक्ष्यांचं खाद्य, हाडांचा चुरा, पेंडीची खतं हे सगळं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत. प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे त्याच्या दृष्टीने नुसतं वेष्टण. जुन्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. त्या धुळीतून आजार पसरू शकतात. हातमोजे घाला, दारं-खिडक्या उघडा, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं द्रावण शिंपडून पाच मिनिटं थांबा आणि मग ओल्या कागदाने पुसून घ्या.

सापळे लावायचे ते ट्रे रिकामे असतानाच. आत खायला दुसरं काही नसतं, तेव्हाच आमिषाला किंमत असते. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, म्हणून सापळा भिंतीशी काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे ठेवा. दोन सापळ्यांत दोन-तीन मीटर अंतर पुष्कळ झालं. आमिष मटाराच्या दाण्याएवढं, पीनट बटरसारखं चिकट, म्हणजे उचलून पळता येत नाही. एकच सापळा महिनाभर ठेवण्यापेक्षा आठ-दहा सापळे दोन-तीन रात्री लावणं केव्हाही बरं. त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी भोकं असलेलं खोकं पालथं घाला, म्हणजे पक्षी किंवा मांजर त्यात अडकणार नाही. विष मी वापरत नाही. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या किंवा मांजराच्या पोटात जातो, नाहीतर बाकाखाली कुठेतरी मरून आठवडाभर घाण मारतो. पेपरमिंटच्या तेलाचा वास दोन दिवसांत उडतो, आणि न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या यंत्रांवर पैसे घालण्यापेक्षा तेवढ्याची जाळी आणा.

आता ट्रे. इथे माझी फजिती सांगायलाच हवी. भोपळ्याचा आख्खा ट्रे आठवडा झाला तरी उगवला नाही. मी बियाणं विकणाऱ्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले आणि नवं बी लावलं. तेही गायब. मग बाकाखाली वाकलो, तर दोन फाकांत सोललेल्या टरफलांचा व्यवस्थित ढीग! माती उकरलेली आणि टरफलं मागे ठेवलेली असतील तर समजा उंदीर. चकाकणारा चिकट माग असेल तर गोगलगाय.

भोपळा, काकडी, वाटाणा, घेवडा, मका, सूर्यफूल ही मोठी, तेला-पिठाने भरलेली बियाणी त्याच्या खास आवडीची. जाळीचे तुकडे पुरत नसतील तर आधी यांच्यावर घाला. झाकण असं करायचं: 6 मिलिमीटरच्या जाळीच्या चारही कडा खाली दुमडून पालथा डबा बनवायचा, तो ट्रेवर घट्ट बसवायचा आणि वर वीट ठेवायची. आतून रोपाला वाढायला चार बोटं जागा ठेवा. उंच बाकावर ट्रे आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. लाकडी पाय तो चढतो आणि फूटभर उंच उडीही मारतो. उबेसाठी ट्रेखाली चटई घालत असाल तर तिथे रोज बघा, ऊब त्यालाही हवीच असते. थोडंच बी असेल, तर ते घरात ओल्या कागदात मोड आणून मग लावा. धोक्याचे तीन-चार दिवस वाचतात. बियांना मिरचीपूड चोळणारे आहेत, पण दोन वेळा पाणी दिलं की ती धुऊन जाते.

खरा धोका बी मातीत पडल्यापासून खरी पानं, म्हणजे बीजपत्रांनंतर येणारी पानं, फुटेपर्यंत. बीमधला साठा रोपाने वापरून टाकला की उंदराचा रस कमी होतो, तरी कोवळं देठ तो अधूनमधून कातरतोच. म्हणून खऱ्या पानांची पहिली जोडी दिसल्यावर सगळी झाकणं एकदम काढू नका. पहिल्या रात्री एकाच ट्रेवरचं काढा, बाजूला सापळा लावून ठेवा आणि सकाळी रोपं मोजा. सगळी जागेवर असली, तर दुसरा ट्रे उघडा.