जुन्या काव्याची संहिता कशी सिद्ध करावी : जोसेफ बेदिए यांची पद्धत

एकाच काव्याच्या अनेक पोथ्या हाती असताना छापायची संहिता कशी ठरवावी, हे समजून घेण्यासाठी मध्ययुगीन फ्रेंच साहित्याचे अभ्यासक जोसेफ बेदिए (१८६४–१९३८) यांचे काम बारकाईने पाहावे.

प्रथम सर्व पोथ्या ओळीमागून ओळ ताडून पाठभेद टिपावेत आणि समान चुकांवरून पोथ्यांचा वंशवृक्ष, म्हणजे कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली याचा आराखडा, मांडावा. तरुण बेदिए यांनी १८९० मध्ये झाँ रनार या कवीच्या ‘ले द लोंब्र’ या छोट्या काव्याचे संपादन याच रीतीने केले होते. त्यांचा वृक्ष दोन शाखांचा निघाला. त्यांचे गुरू गास्ताँ पारिस यांनी मात्र त्याच पोथ्यांचा तीन शाखांचा वृक्ष सुचवला.

यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे स्वतःच्या वृक्षावर संशय घेणे. इतरांनी मांडलेले वृक्षही जवळजवळ सगळे दोनच शाखांचे आहेत, हे बेदिए यांच्या लक्षात आले आणि १९१३ च्या नव्या आवृत्तीत त्यांनी ते मांडले. तीन शाखा असतील तर दोघींचे मत तिसरीवर मात करते आणि संपादकाचे हात बांधले जातात. दोनच असतील तर प्रत्येक मतभेदाच्या जागी निवड त्याच्या मर्जीवर राहते. वृक्ष नकळत आपल्या सोयीने वाढतो, तो असा.

म्हणून एकच चांगली पोथी निवडावी. ती सर्वांत जुनीच असावी असे नाही; अर्थ सुसंगत, भाषा एकसारखी आणि उघड हस्तदोष, म्हणजे नक्कल करणाऱ्याच्या चुका, कमी असावेत. तिचा पाठ शक्यतो तसाच ठेवावा, दुरुस्ती केवळ निर्विवाद चुकीचीच करावी आणि अशी प्रत्येक जागा टिपेत नोंदवावी. ‘रोलाँचे गीत’ या वीरकाव्याच्या आवृत्तीत बेदिए यांनी ऑक्सफर्डच्या बाराव्या शतकातील पोथीला असेच धरून ठेवले.

अर्थात, ही रीत सर्वत्र लागू पडत नाही. महाभारताची संहिता ठरवताना पुण्याच्या भांडारकर संस्थेसमोर त्याच्या अनेक लिप्यांतील असंख्य पोथ्या होत्या. तिथे एका पोथीवर विसंबणे शक्यच नव्हते.

कथा पुन्हा सांगायची असेल, तर ते काम वेगळ्या पुस्तकात करावे. बेदिए यांनीही विखुरलेल्या तुकड्यांतून त्रिस्ताँ आणि इझो यांची मध्ययुगीन प्रेमकथा १९०० मध्ये नव्याने रचली, परंतु ती मूळ संहिता म्हणून नव्हे.