उफराटखेड्यात नव्यानं आलेल्या खान्देशी भाऊबंदांस

चांगदेवला, जिथं पूर्णा तापीला मिळते, तिथं वाकून पाण्यात बघताना तुमच्या प्रतिबिंबानं तुमच्याआधी हात हलवला, आणि पुढचं काही आठवत नसेल, तर घाबरू नका. तुम्ही उफराटखेड्यात आहात. 14 वर्षांपूर्वी मी सावद्याहून असाच आलो. आठवड्यानं बायको आली. तिला रुळायला दोन दिवस लागले, मला तीन वर्षं. कारण विचारू नका, कळेलच.

आधी दिशा. इथली तापी पूर्वेला वाहते, त्यामुळे सुरतेच्या बाजूची पोरं कामाला खान्देशात येतात. धुळ्याच्या स्टँडवर उतरली की भाड्याची खोली शोधत फिरतात. त्यांना पत्ता नीट सांगा. सुरतेत उधना-लिंबायतला आपल्याला कोणीतरी सांगितलाच होता.

गावाची रीत कुठून आली, याचं उत्तर म्हातारे देतात ते असं: चौदाशे वर्षांचा चांगदेव लहानग्या मुक्ताईपुढे वाकला तो याच काठावर. तिकडच्यांनी त्याची गोष्ट केली, इकडच्यांनी नियम केला. म्हणून दिवाळीला आजोबा नातवाच्या पाया पडतात. नातू आशीर्वाद देतो आणि पैसेही देतो. गुडघे दुखत असतील तर नुसता हात जोडला तरी चालतो.

तलाठी सकाळी सातबारा घेऊन तुमच्या दारात येईल, चपला बाहेर काढून उभा राहील. तुम्ही खाटेवरून न उठता म्हणायचं, "सकाय ये भो." तो मुकाट्यानं जाईल आणि उद्या येईल. मी पहिल्या दिवशी सवयीनं ताडकन उठलो, "साहेब, बसा ना," म्हणालो. बिचाऱ्याला मेमो मिळाला: नागरिकास उभे केले.

केळीचा भाव शेतकरी फोडतो. व्यापारी ट्रक बांधावर लावून वाट बघतो. आपण त्याच्या नोटा उन्हात धरून तोंड आंबट करायचं, "पैसा बरा शे, पण जरा बारीक वाटस." दांड्याचं वजन त्याच्या खिशातून कापलं जातं. हे मला इतकं आवडलं की दुसऱ्या हंगामात मी एकाला मे महिन्यात, 45 अंशांच्या उन्हात, चार तास उभं ठेवलं. मी लिंबाखाली बसून होतो. बायकोनं त्याला पाणी नेऊन दिलं आणि जाता जाता मला म्हणाली, "गाव उफराटं शे, तू नही." हे वाक्य मी अजून पचवतोय.

भाषेचं अवघड आहे. इथं शाळा, कचेरी, बँक सगळं अहिराणीत. पोरगं चारचौघांत "आहे" म्हणालं की आई दंडाला चिमटा काढते: "आहे काय म्हनस? शे म्हन!" पुण्यात शिकून आलेल्यांनी घरात काय बोलायचं ते बोलावं, बाहेर जपून. लोक हसणार नाहीत. उलट कौतुकानं म्हणतील, "तुमची बोली किती गोड, अगदी मातीतली!" ते हसण्यापेक्षा जास्त लागतं.

आता घरचं. इथं जुनं लग्न चालत नाही, नव्यानं लावावं लागतं. बायकोनं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. कोणी त्या नावानं हाक मारली तर मी अजून मागं वळून बघतो, कोणाला बोलावतायत म्हणून. लग्नाआधी तिच्या मावशीनं विचारलं होतं, "नोकरी सोडावी लागली तर चालेल ना?" विचारायची पद्धत फार प्रेमळ होती. धोंड्याच्या महिन्यात वाण सुनेला मिळतं, हे जावयांनी आधीच मनाला सांगून ठेवावं.

खापराची पुरणपोळी मात्र येताना शिकूनच या. उलट्या मडक्यावर करायचं असल्यानं तेवढं एक इथं तिकडच्यासारखंच आहे. सैल कणीक, आत पुरण, आणि पोळी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायची. घड्याळ काढून ठेवा. माझ्या पहिल्या 11 पोळ्या चुलीत गेल्या. मुलगा बघायला येणाऱ्या बायका पगार विचारत नाहीत, हात बघतात.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पुरुष माहेरी जातात, आठ दिवस. झोके निंबाला बांधलेले असतात, आपण झोके घ्यायचे, गाणी म्हणायची, सासरबद्दल वाटेल ते बोलायचं. परत निघताना रडू येतं, येऊ द्या. पत्त्यांचे डाव बायकांचे, ओट्यावर, रात्रभर, पैसे लावून. तिकडं जाऊन "आता पुरे" म्हणू नका. मी म्हणून बघितलं. सगळ्या जणी थांबल्या, माझ्याकडं बघितलं, आणि एकीनं चहा सांगितला. सात कप.

तिसऱ्या वर्षी आखाजीला मी एक दिवस लवकर सासरी परतलो. पहाटे उठून पुरण वाटलं, पोळ्या केल्या, एकही फाटली नाही. आमरस, कुरडया, रशी, सगळं ताटात मांडून ओट्यावर नेलं. बायको पत्ते पिसत होती. तिनं न बघता एक घास घेतला.

"रशीत मीठ कमी शे," म्हणाली, आणि पत्ते वाटायला लागली.