असिटिल एल-कार्निटिन घेताय? या चुका टाळा

चिपळूणला औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला बावीस वर्षं झाली. पूर्वी असिटिल एल-कार्निटिन हे नाव फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीतून यायचं, तेही बहुतेक शुगरच्या रुग्णांच्या. आता लोक मोबाइलवरचा फोटो पुढे करतात, "ताई, हे आहे का?" कुणाला नावं आठवत नाहीत म्हणून हवं असतं, कुणाला दुपारनंतर गळून जायला होतं म्हणून, कुणाच्या तळपायाला मुंग्या येतात म्हणून. जिमला जाणाऱ्या मुलांना चरबी उतरवायची असते. पदार्थ चांगला आहे, त्याला शरीरात खरंखुरं काम आहे. पण इतक्या वेगवेगळ्या तक्रारींवर एकच डबा नेला जातो, तेव्हा अनेकांचं मूळ दुखणं तपासायचं राहून जातं. सगळ्या चुकांमध्ये मला ही सर्वांत मोठी वाटते, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते आहे.

आधी हे आहे काय ते पाहू. १९०५ मध्ये रशियातल्या गुलेविच आणि क्रिम्बर्ग या शास्त्रज्ञांना मांसाच्या अर्कात कार्निटिन सापडलं. मांसाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरूनच त्याचं नाव पडलं. डब्यावर 'अमिनो आम्ल' लिहिलेलं असलं तरी डाळीतली किंवा अंड्यातली प्रथिनं ज्यांची बनतात, त्या अमिनो आम्लांपैकी हे नव्हे. लायसिन आणि मेथिओनिन या दोन अमिनो आम्लांपासून आपलं यकृत आणि मूत्रपिंडं ते तयार करतात. त्यासाठी लोह, क जीवनसत्त्व, बी-६ आणि नायसिन लागतं. त्याचं काम गोदामाच्या दारावरच्या हमालाचं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात चरबी जाळून ऊर्जा तयार होते, पण लांब साखळीची फॅटी आम्लं आपली आपण आत शिरू शकत नाहीत. कार्निटिन त्यांना उचलून आत नेतं. असिटिल गट जोडलेलं रूप, म्हणजे असिटिल एल-कार्निटिन, मेंदूपर्यंत पोचतं, आणि तो गट असिटिलकोलिन या मेंदूतल्या रसायनासाठी वापरला जाऊ शकतो. मेंदूसाठी म्हणून हेच रूप विकलं जातं ते यामुळे.

आता हमाल पुरेसे असतील आणि मालच आला नसेल, तर आणखी चार हमाल लावून गोदाम भरणार नाही.

आधी गोळी, मग तपासणी

"आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला हे कमीच पडत असणार," असं मला दर आठवड्याला कुणीतरी सांगतं. आकडे वरवर पाहिले तर ते खरं वाटेल. मांसाहारी माणसाच्या जेवणातून दिवसाला साधारण ६० ते १८० मिलिग्रॅम कार्निटिन जातं. दूधही न घेणाऱ्याच्या पोटात १० ते १२ मिलिग्रॅम. कपभर दुधात सुमारे ८ मिलिग्रॅम असतं. पण शरीर ते स्वतः बनवतं आणि मूत्रपिंडं ते लघवीतून फारसं जाऊ देत नाहीत, त्यामुळे निरोगी प्रौढ शाकाहाऱ्याला सहसा त्याची कमतरता होत नाही.

बी-१२ची गोष्ट वेगळी. ते आपलं शरीर बनवत नाही, आणि भाजीभाकरीत ते नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा दर तिघांतल्या जवळपास दोघांमध्ये बी-१२ कमी निघालं. २००६ साली प्रसिद्ध झालेलं हे काम आपल्याच माणसांवरचं आहे. बी-१२ कमी झालं की काय होतं? थकवा, हातापायाला मुंग्या, विसरायला होणं. म्हणजे ज्या तक्रारी घेऊन लोक कार्निटिन मागायला येतात, त्याच. शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ आणखी खाली जाऊ शकतं, आणि त्यांच्या पायाच्या मुंग्या सरसकट शुगरच्या खात्यावर टाकल्या जातात.

बाजारातल्या बऱ्याच गोळ्या मिश्र असतात. असिटिल एल-कार्निटिन ५०० मिलिग्रॅम, सोबत मेथिलकोबालमिन १५०० मायक्रोग्रॅम, फॉलिक आम्ल, कधी अल्फा लायपोइक आम्ल. मेथिलकोबालमिन म्हणजे बी-१२च. महिनाभर ही गोळी घेऊन मग बी-१२ तपासलं तर रिपोर्टमध्ये ते भरपूर दिसतं आणि मुळात कमी होतं की नाही हे कळायची वाटच बंद होते. बरं वाटलं तर कशाने वाटलं, तेही कळत नाही. बरं वाटलं म्हणून लोक कार्निटिनचा महागडा डबा आणतात आणि बी-१२ची गोळी सोडून देतात, असंही मी पाहिलं आहे.

माझ्या मावशीला अशी स्ट्रिप मीच दिली होती. ती सतत दमायची, स्वयंपाकघरात कशाला आलो ते विसरायची, केस गळत होते. मी म्हटलं, वय झालंय, घे दोन महिने. दोन महिन्यांचे चार झाले. शेवटी मामेभावाने तिला डॉक्टरकडे नेलं, तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, कितीतरी वाढलेलं. थायरॉइड काम करत नव्हतं, आणि त्याची सगळी लक्षणं माझ्यासमोर उभी होती. ते चार महिने मला अजून टोचतात. तेव्हापासून कुणी थकवा किंवा विसरभोळेपणासाठी काही मागितलं की मी आधी विचारते : बी-१२, टीएसएच, हिमोग्लोबिन आणि शुगर शेवटची कधी पाहिली? रक्त द्यायचं ते पहिली गोळी घेण्याआधी.

कुणीकुणी स्वतःच्या मनाने घेऊ नये

मावशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला नंतर वाचताना कळली. कार्निटिन थायरॉइडच्या हार्मोनला पेशींच्या केंद्रकात शिरायला अडथळा करतं. थायरॉइडचं हार्मोन प्रमाणाबाहेर झालेल्या स्त्रियांना दिवसाला २ ते ४ ग्रॅम एल-कार्निटिन दिल्यावर धडधड, थरथर अशी लक्षणं कमी झाल्याचं २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं. ज्याचं हार्मोन जास्त आहे त्याला हा फायदा. ज्याचं मुळातच कमी आहे आणि जो थायरॉक्झिनची गोळी घेतो, त्याने डॉक्टरांना न विचारता हे सुरू करू नये.

कॅन्सरच्या रुग्णांच्या नातेवाइकांनी पुढचा भाग नीट वाचावा. टॅक्सेन गटातल्या केमोथेरपीने हातापायाच्या नसा बधिर होतात, म्हणून प्रेमापोटी घरचे 'नसांची गोळी' शोधतात. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या ४०९ स्त्रियांवर याचीच चाचणी झाली. काहींना रोज ३ ग्रॅम असिटिल एल-कार्निटिन, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, २४ आठवडे. २०१३ मध्ये निष्कर्ष आले ते अपेक्षेच्या उलटे : कार्निटिन घेणाऱ्यांच्या नसांचा त्रास जास्त वाढला होता. दोन वर्षांनी पाहिलं तरी तो फरक दिसत होता. शुगरच्या नसांना चालणारी गोष्ट केमोच्या नसांना चालेलच, हा आपला अंदाज इथे साफ चुकला. केमो चालू असताना यातली एकही गोळी ऑन्कोलॉजिस्टला दाखवल्याशिवाय देऊ नका. प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळते म्हणजे निर्धोक, असं मुळीच नाही.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा असेनोकुमरॉल घेणाऱ्यांमध्ये कार्निटिनमुळे आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, वाढल्याच्या नोंदी आहेत. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाच्या घरात हे माहीत असायलाच हवं. फिट येणाऱ्या रुग्णांमध्ये फिट वाढल्याचंही नोंदलं गेलं आहे. इथे गोंधळ होतो, कारण व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध घेणाऱ्या काही मुलांना डॉक्टरच कार्निटिन देतात. त्या औषधाने शरीरातलं कार्निटिन कमी होतं म्हणून देतात, मोजून मापून. शेजारच्या मुलाला दिलं म्हणून आपल्या मुलाला देऊ नये. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नसतील, तर तोंडाने घेतलेल्या कार्निटिनपासून बनणारे पदार्थ शरीरात साचत जातात. डायलिसिसवर असाल तर हा निर्णय पूर्णपणे नेफ्रोलॉजिस्टचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचा. बायपोलर आजाराची औषधं चालू असतील तर मनोविकारतज्ज्ञांशी बोलून घ्या.

डबा घेताना

एल-कार्निटिन, एल-कार्निटिन टार्ट्रेट, असिटिल एल-कार्निटिन ही नावं सारखी वाटतात, पण वस्तू वेगळ्या. टार्ट्रेट व्यायाम करणाऱ्यांसाठी विकलं जातं. मेंदू किंवा नसांसाठी ज्यावर अभ्यास झाले ते असिटिलचं रूप. 'डीएल-कार्निटिन' लिहिलेलं कुठे दिसलं तर घेऊ नका : त्यातलं डी रूप शरीराच्या कामाचं नाही, उलट एल रूपाची जागा अडवतं.

डब्यावर पुढे '१००० मिलिग्रॅम' असतं आणि मागे बारीक अक्षरात 'हायड्रोक्लोराइड'. त्या १००० मध्ये खरं असिटिल एल-कार्निटिन साधारण ८५० मिलिग्रॅम असतं, बाकी वजन क्षाराचं. यात फसवणूक नाही, पण चिठ्ठीतल्या डोसशी ताडून पाहताना हे लक्षात ठेवावं लागतं. एफएसएसएआय या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि बॅच नंबर नसलेला डबा ठेवूच नका, मग तो ट्रेनरच्या ओळखीने कितीही स्वस्त मिळो.

घेतल्यावर होणारे त्रास

झोप उडाली, अशी तक्रार पुष्कळ येते. विचारलं तर रात्रीच्या जेवणानंतर घेतलेलं असतं. डॉक्टरांची हरकत नसेल तर सकाळच्या नाश्त्यानंतर घ्या. दोन डोस असतील तर दुसरा दुपारच्या जेवणानंतर. मळमळ, पोटात कळ, जुलाब हे उपाशीपोटी घेतल्याने किंवा एकदम मोठा डोस सुरू केल्याने होतात. दिवसाला ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात केली तर बहुतेकांचं पोट सांभाळतं.

अंगाला किंवा घामाला मासळीसारखा वास येणं ही तक्रार सांगायला लोक लाजतात. एका शिक्षिका बाई दोन आठवडे साबण बदलत होत्या, मग हळूच मला विचारलं. पोटातले जिवाणू कार्निटिनपासून ट्रायमिथाइलअमाइन बनवतात, त्याचा हा वास. दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास गेलं की तो येण्याची शक्यता वाढते. डोस कमी केला की सहसा जातो. या ट्रायमिथाइलअमाइनचंच यकृतात टीएमएओ नावाचं रसायन बनतं आणि त्याचा हृदयविकाराशी संबंध असल्याचं संशोधन २०१३ पासून पुढे आलं आहे. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे त्यांनी वर्षानुवर्षं मोठा डोस चालू ठेवण्याआधी कार्डिऑलॉजिस्टला विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या कोकणात पावडर घेणाऱ्यांचा वेगळाच त्रास. ही पावडर हवेतला ओलावा ओढून घेते. जूनमध्ये उघडलेला डबा जुलैत दगड होतो. आतली सिलिकाची पुडी फेकू नका, ओला चमचा घालू नका, झाकण घट्ट लावून कोरड्या कपाटात ठेवा, गॅसच्या शेजारच्या फळीवर नको. पावसाळ्यापुरती सरळ स्ट्रिपमधली गोळी घेतली तर सगळ्यांत सोपं. पावडर चवीला चांगलीच आंबट असते, तेव्हा थेट जिभेवर टाकू नका, दातांना बरं नाही. भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्या आणि नंतर चूळ भरा. रात्री भिजवून सकाळी पिणं किंवा उकळत्या चहात टाकणं, दोन्ही नको.

"दोन महिने झाले, काहीच फरक नाही"

कशासाठी घेता, त्यावर उत्तर अवलंबून आहे. शुगरमुळे दुखणाऱ्या नसांवरच्या मोठ्या चाचण्यांत ते वर्षभर दिलं गेलं. दिवसातून तीनदा १००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या, ५००वाल्यांना तसा फायदा दिसला नाही. पुढे २०१९ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने सगळे पुरावे एकत्र तपासले तेव्हा त्यांची खात्रीलायकता फारच कमी ठरवली. म्हणजे आठ दिवसांत जळजळ थांबेल ही अपेक्षा चूक, आणि नक्की थांबेलच असंही कुणी सांगू नये. शुगर ताब्यात नसेल तर ही गोळी घेऊन नसा वाचत नाहीत.

अल्झायमरसाठी कोक्रेनने २००३ मध्येच सरसकट वापराला आधार नसल्याचं म्हटलं होतं. आजोबांचं विसरणं वाढत असेल तर डब्याच्या पैशांत न्यूरॉलॉजिस्टची फी द्या. नैराश्यावरचं चित्र थोडं आशादायक आहे. २०१८ मध्ये १२ चाचण्यांतल्या ७९१ जणांचे निकाल एकत्र केले तेव्हा लक्षणं कमी झालेली दिसली. तरी चालू असलेली नैराश्याची गोळी बंद करून त्या जागी हे घेणं धोक्याचं आहे, आणि असं करणारी माणसं मला भेटली आहेत. निरोगी, पुरेशी झोप घेणाऱ्या विद्यार्थ्याची बुद्धी याने तल्लख होते असं दाखवणारा भक्कम पुरावा माझ्या वाचनात नाही. परीक्षेच्या मोसमात पालक मागायला येतात, मी देत नाही.

डॉक्टरांनी सांगून घेत असाल तर कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहा : आज मुंग्या किंवा थकवा दहापैकी किती. मनाला वाटणं आणि कागदावर दिसणं यात खूप अंतर पडतं. तीन महिन्यांनी तो कागद घेऊन जा. सोबत जे जे घेता त्या सगळ्या स्ट्रिपा आणि डबे पिशवीत घाला. नुसतं नाव सांगू नका, डबाच टेबलावर ठेवा, कारण डॉक्टरांना हवी असलेली माहिती त्याच्या मागच्या बाजूला असते.