सुट्टीच्या खरेदीच्या गर्दीत फास्ट फूडची शिफ्ट : या चुका टाळा

सुट्टी आणि खरेदी एकाच दिवशी आली, की फास्ट फूडच्या काउंटरवरची गर्दी जेवणाच्या वेळेपुरती राहत नाही. एरवी दुपारी आणि रात्री गर्दीच्या दोन लाटा येतात आणि मधल्या वेळात माल भरून घ्यायला, ओटा पुसायला, तेल गाळायला सवड मिळते. खरेदीच्या दिवशी मात्र लोक दुकानांतून बाहेर पडतील तसे, भूक लागेल तेव्हा येत राहतात आणि ही मधली सवडच नाहीशी होते. अशा दिवशी काम बहुधा हात हळू चालतात म्हणून अडत नाही. रोज त्या मोकळ्या वेळात होऊन जाणारी कामे कोणाकडेच सोपवलेली नसतात, म्हणून ते अडते. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

पहिली चूक शिफ्ट सुरू होण्यापूर्वीच होते. कप, झाकणे, पिशव्या, सॉसची पाकिटे, हातमोजे आणि सुटे पैसे नेहमीच्या दिवसाइतकेच काउंटरवर ठेवले जातात, आणि मग ऐन गर्दीत कोणीतरी आपली जागा सोडून गोदामात पळतो. तो परत येईपर्यंत त्याच्यामागचे सगळे थांबते. बिलाच्या कागदाचा रोल संपत आला, की अनेक रोलांवर कडेला रंगीत पट्टा दिसू लागतो. तो दिसताच दोन ग्राहकांच्या मधल्या क्षणी रोल बदलावा, बिल अर्धवट छापले जाईपर्यंत थांबू नये. शीतपेयाच्या यंत्राचे सिरप आणि गॅसचा सिलिंडर दार उघडण्यापूर्वी तपासावा. पेय पाणचट लागले तर सिरप संपत आले आहे आणि त्यात बुडबुडे कमी असतील तर गॅस, एवढे सर्वांना ठाऊक असले की शोधाशोध वाचते. तयारी म्हणजे सगळेच आधी करून ठेवणे, असे मात्र नव्हे. चिरलेली पाने आणि टोमॅटो ढिगाने बाहेर काढून ठेवले, तर ते कोमेजतात आणि गरमही होतात. कोरडा माल भरपूर हाताशी ठेवावा, नाशवंत माल थोडा थोडा काढावा.

सर्वांत जास्त नुकसान फ्रायरवर होते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. रांग वाढली, की बास्केट काठोकाठ भरण्याचा मोह होतो. तेल साधारण 175 ते 180 अंश सेल्सियसला असते. त्यात गोठलेल्या फ्राइजचा मोठा ढीग एकदम सोडला, तर तापमान झपाट्याने खाली येते, बाहेरचे आवरण लवकर कडक होत नाही आणि फ्राइज तेल पीत राहतात. टायमर वाजतो तेव्हा त्या फिकट, मऊ आणि तेलकट असतात; मग बास्केट पुन्हा बुडवावी लागते आणि पुढच्या घाण्यालाही तापलेले तेल मिळत नाही. म्हणून बास्केट साधारण निम्मी भरावी आणि दोन बास्केट एकाच क्षणी न सोडता थोड्या अंतराने सोडाव्यात. अर्ध्या बास्केटचे दोन घाणे मिळून एका भरलेल्या बास्केटपेक्षा उशिराच होतील असे वाटते, पण पुन्हा तळण्याचा वेळ धरला तर तसे होत नाही, आणि ताजा माल सतत हाती येत राहतो.

बास्केट भरताना ती फ्रायरच्या वर धरू नये, कारण सुटे बर्फाचे कण तेलात पडले की ते फसफसून वर येते. मीठही तेलावर टाकू नये, कारण मिठाने तेल लवकर खराब होते. तेल गडद झाले, त्यावर फेस टिकू लागला किंवा नेहमीच्या तापमानालाच धूर दिसू लागला, तर ते गाळण्याची किंवा बदलण्याची वेळ आली आहे. ते काम गर्दीपूर्वीच करून घ्यावे, आणि दिवसातल्या पुढच्या गाळणीची वेळ व माणूस सकाळीच ठरवून ठेवावा. फ्रायर दोन असतील तर ते एकामागून एक बंद करावेत, एकदम नव्हे. तळून ठेवलेल्या फ्राइज काही मिनिटांतच मऊ पडतात. ठरलेली वेळ संपली की त्या काढून टाकाव्यात, नव्या घाण्यात मिसळू नयेत. मिसळल्या तर चांगला मालही वाया जातो.

दुसरी मोठी चूक म्हणजे जिथे गर्दी दिसते तिथेच माणसे वाढवणे. रांग काउंटरसमोर असते, म्हणून आणखी एक गल्ला उघडला जातो, ऑर्डर अधिक वेगाने आत जाऊ लागतात आणि आधीच मागे पडलेला ग्रिल आणखी मागे पडतो. आधी माल कुठे साचतो आहे, ते पाहावे. स्क्रीनवर ऑर्डर साचल्या असून पुढचे टेबल रिकामे असेल तर अडथळा ग्रिलवर आहे. बर्गर गुंडाळून तयार आहेत पण फ्राइजची वाट पाहत आहेत, तर तो फ्रायरवर आहे. भरलेले ट्रे आणि पिशव्या पडून आहेत, तर माणूस पॅकिंगला किंवा नंबर पुकारायला हवा. 1961 साली अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला एक साधा नियम इथे उपयोगी पडतो : थांबलेल्या लोकांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ. मिनिटाला 2 ग्राहक येत असतील आणि प्रत्येकाला 6 मिनिटे लागत असतील, तर सरासरी 12 जण उभे असतात. 9 मिनिटे लागू लागली, तर गिऱ्हाईक एकानेही न वाढता 18 जण उभे राहतात. गर्दी फुगलेली दिसली, की आज लोकच फार आले आहेत, असे म्हणण्यापूर्वी एका ऑर्डरला लागणारा वेळ तपासावा. घरपोच मागणीच्या ऑर्डर रांगेत दिसत नाहीत, पण त्याच ग्रिलवर येतात, म्हणून त्यांची वेळ वाढवण्याचा किंवा त्या थोडा वेळ थांबवण्याचा निर्णय शिफ्टच्या प्रमुखाने वेळेवर घ्यावा.

चुकीची ऑर्डर ही घाईची सर्वांत महागडी किंमत आहे. एक पिशवी परत आली, की नवा माल करावा लागतो, तो रांग मोडून मध्ये घुसवावा लागतो आणि काउंटरवरचा माणूस तेवढा वेळ अडकून पडतो. पैसे घेण्यापूर्वी ऑर्डर एकदा मोठ्याने वाचून दाखवावी आणि पिशवी देताना बिलावर बोट ठेवून एकेक वस्तू जुळवावी. याला काही सेकंद लागतात आणि ते द्यायलाच हवेत. एखादा पदार्थ संपला, तर गल्ल्यावर ताबडतोब कळवावे, नाहीतर तो विकला जातच राहतो. किती वेळ लागेल असे ग्राहकाने विचारले, तर खरी मिनिटे सांगावीत. 10 मिनिटे ऐकून थांबणारा माणूस, ‘दोन मिनिटांत देतो’ ऐकून 10 मिनिटे थांबलेल्या माणसाइतका चिडत नाही. ॲलर्जीविषयीच्या प्रश्नाला तर अंदाजाने उत्तर कधीच देऊ नये. घटकांची यादी पाहावी किंवा प्रमुखाला बोलवावे. चुकून चीज पडले असेल तर ते खरवडून काढणे पुरेसे नाही, बर्गर नव्याने करावा.

स्वच्छतेत पहिली काटछाट हात धुण्यात होते. हातमोजे घातले म्हणजे हात स्वच्छ, हा समज घातक आहे. कच्च्या चिकनला लागलेला मोजा पावावर लागला, तर मोजा घातल्याचा काहीच उपयोग होत नाही. काम बदलले की मोजे काढावेत, साबणाने किमान 20 सेकंद हात धुवावेत आणि नवे मोजे घालावेत. पैसे घेणाऱ्याने अन्नाला हात लावू नये. चिकनच्या आतले तापमान 74 अंश सेल्सियसपर्यंत पोहोचले पाहिजे. वरचा रंग पाहून घाणा उचलू नये. थंड माल 5 अंशांच्या खाली आणि गरम माल 60 अंशांच्या वर राहिला पाहिजे, आणि गर्दीत सतत उघडे राहणारे फ्रिजचे दार हा नियम नकळत मोडते. बर्फ स्कूपनेच काढावा, कपाने नव्हे. उलट्या किंवा जुलाब होत असलेल्या माणसाला, माणसे कमी आहेत म्हणून कामावर बोलावू नये. लक्षणे थांबल्यानंतरही 48 तास त्याने अन्नापासून दूर राहायला हवे.

आणि विश्रांती. गर्दी ओसरली की जाऊ, असे प्रत्येक जण म्हणतो, पण त्या दिवशी ती ओसरतच नाही. विश्रांतीच्या वेळा सकाळीच कागदावर लिहून लावाव्यात आणि त्या जागी कोण उभे राहील, तेही लिहावे. पाण्याची बाटली हाताशी असावी. थकलेला माणूस ओल्या फरशीवर घसरतो, त्याला तेलाचा चटका बसतो, तो सुटे पैसे चुकीचे परत करतो, आणि यांतल्या कशालाही तो आळशी होता, हे कारण नसते. चटका बसल्यास भाग 20 मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट किंवा लोणी लावू नये. गर्दी कितीही असली तरी ही 20 मिनिटे त्या माणसाची आहेत. तेलाला आग लागली तर त्यावर पाणी कधीही टाकू नये. उष्णता बंद करावी, स्वयंपाकघरातील तेलाच्या आगीसाठी असलेले अग्निशामक साधनच वापरावे आणि आग आटोक्यात येत नसेल तर सर्वांना बाहेर काढावे.

दुकान बंद करताना होणारी घाई दुसऱ्या दिवसावर पडते. गरम तेल लगेच काढू नये, ते निवू द्यावे. काय संपले, कोणते यंत्र अडखळले आणि कोणत्या वेळी सर्वाधिक ऑर्डर आल्या, हे पुढच्या शिफ्टसाठी लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी लागणारा गोठलेला माल त्याच रात्री फ्रीजरमधून फ्रिजमध्ये हलवावा, कारण सुरक्षितपणे वितळायला त्याला बरेच तास, मोठ्या पाकिटांना तर पूर्ण दिवस लागतो, आणि सकाळी तो ओट्यावर ठेवून वितळवणे हा पर्याय नाही.