जोडप्रकल्प डोक्यात घोळतोय? पुढची पायरी लिहून ठेवा

ऑफिसात एक्सेल उघडलेलं असतं आणि मन मात्र जोडप्रकल्पात, म्हणजे नोकरी सांभाळून फावल्या वेळात बनवत असलेल्या आणि घरी अर्धवट सोडलेल्या अ‍ॅपमध्ये. याला आळस म्हणू नका. अर्धवट कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी 1927 मध्येच मांडलं होतं. 2011 मध्ये मासिकँपो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसलं की काम पुरं केलं नाही, तरी ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं की त्याची टोचणी कमी होते.

म्हणून टेबलावर एक छोटी वही ठेवा. जोडप्रकल्पाचा विचार आला की एकच ओळ लिहा, पण नेमकी. ‘अ‍ॅपचं बघायचं’ असं लिहून काही होत नाही. ‘शनिवारी सकाळी 8 वाजता लॉगिनच्या पानावरची चूक शोधायची’ असं लिहा आणि वही मिटा. मोबाईलवर लिहायला गेलात तर व्हॉट्सअ‍ॅप उघडलंच म्हणून समजा, त्यामुळे कागदच बरा. रात्री प्रकल्पाचं काम थांबवतानाही शेवटची दोन मिनिटं पुढची पायरी लिहायला राखून ठेवा. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याच दोन मिनिटांनी पडतो. आणि शनिवारी 8 वाजता खरंच बसा, नाहीतर मन वहीवर विश्वास ठेवणार नाही.