खेळाच्या तासाला ‘आऊट’ पोर बसवू नका

आमच्या शाळेत क्रीडाशिक्षक नाही, खेळाचा तास वर्गशिक्षिकाच घेतात. नागपुरातल्या सक्करदऱ्याकडची शाळा, मैदान म्हणजे दोन कडुनिंब आणि त्यांच्यामधली जागा. माझ्या तिसरीत ४२ मुलं. बरीच वर्षं मी लंगडी लावून द्यायची आणि तास झाला असं समजायची. एकदा पायरीवर बसून मोजलं, तर पळणारी फक्त ७. बाकीची आऊट होऊन मातीत रेघोट्या ओढत बसलेली. त्यातही सगळ्यात आधी बसणारी पोरं रोज तीच, ज्यांना पळायची सगळ्यात जास्त गरज.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. आपल्या हातात ३५ मिनिटं, म्हणून त्यातलं एकही बसण्यात घालवायचं नाही.

गट वर्गातच पाडा, एक-दोन-तीन-चार मोजून. कप्तानाला गडी निवडू देऊ नका, शेवटी उरलेल्या पोराचा चेहरा बघवत नाही. मैदानावर फक्कीने दहा-दहा पावलांचे चार चौकोन आखा आणि प्रत्येकात दहा-अकरा मुलं सोडा. आठ मिनिटांनी शिट्टी, चौकोन बदला.

लंगडीत आऊट झालेल्याने बाहेर येऊन दोरीवरच्या १० उड्या मारायच्या आणि परत आत जायचं. गुण पकडणाऱ्याला मिळतोच. लंगडी घालणाराही अर्ध्या मिनिटाला बदला, लहानग्यांचा पाय भरून येतो. साखळीत तर कुणी आऊट होतच नाही, पकडलेला हात धरून जोडला जातो. चौघांची साखळी झाली की दोन-दोनच्या तोडा, नाहीतर टोकाचं पोर फरपटतं. लगोरीला जुन्या मोज्यांत चिंध्या भरून शिवलेला चेंडू घ्या आणि नेम कमरेखालीच. माझ्या वर्गात एका मुलाच्या पायाला कॅलिपर, म्हणजे चालायला आधार देणारी पट्टी, आहे. त्याला आधी मी गुण लिहायला बसवायची, ते चुकलं. आता लगोरी तोच फोडतो, नेम पक्का आहे त्याचा.

खो-खो माझा लाडका खेळ, पण त्यात नऊपैकी आठ जण बसलेले असतात. लहान वर्गासाठी पाच-पाचच्या दोन रांगा लावा, म्हणजे खो पटापट मिळतो.

आपल्या नागपूरचं ऊन विसरू नका. मार्चपासून खेळाचा तास सकाळी पहिला घ्या, आणि पाणी खेळाआधी व मध्ये, तहान लागायची वाट न पाहता. पोराला गरगरलं, मळमळलं की लगेच सावलीत न्या, मान आणि काखेत ओलं फडकं ठेवा. बरळायला लागलं तर थांबू नका, थेट दवाखाना.

गणिताचा पाठ राहिला म्हणून हा तास कापू नका, आणि शिक्षा म्हणून मैदानाला चकराही मारायला लावू नका. धावणं म्हणजे शिक्षा असं एकदा मनात बसलं की पोर पुढे कित्येक वर्षं मैदानापासून लांब राहतं.

महिन्यातून एकदा मध्येच उभं राहून थांबलेली मुलं मोजा. मागच्या मंगळवारी माझी ५ होती, दोघं बुटाची लेस बांधत होती. उरलेली तिघं दोरीच्या रांगेत उभी दिसली, म्हणून आता तिथे आणखी दोन दोऱ्या ठेवल्या आहेत.